रेपो पब्लिक, इमेज प्रायव्हेट

प्रकल्प ओपन सोर्स आहे, गिटहबवरचा रेपो सगळ्या जगाला खुला आहे, गिटहब अ‍ॅक्शन्सने कंटेनर इमेज बांधून जीएचसीआर.आयओ या गिटहबच्या कंटेनर रजिस्ट्रीवर पुशही केली. म्हणजे आता कुणीही ती पुल करू शकेल, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात पहिल्याच बाहेरच्या माणसाला ‘डिनाइड’ असं कोरडं उत्तर मिळतं. कुबरनेटिसवर असेल तर पॉड ‘इमेजपुलबॅकऑफ’ दाखवत ताटकळतो. मग टोकन बदलून बघ, प्रॉक्सी तपास, असं सुरू होतं.

दोष टोकनचा नसतो. जीएचसीआरवर इमेजचं नवं पॅकेज पहिल्यांदा पुश होतं तेव्हा ते सहसा प्रायव्हेट असतं. रेपोला जोडलेलं असेल तर रेपोवर कुणाला काय अधिकार आहेत ते पॅकेज आपोआप उचलतं, पण पब्लिक की प्रायव्हेट हे मात्र उचलत नाही. ते पॅकेजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आपल्यालाच बदलावं लागतं. आणि हा रस्ता एकेरी आहे: एकदा पब्लिक केलेलं पॅकेज पुन्हा प्रायव्हेट करता येत नाही. म्हणून प्रायव्हेट रेपोतली इमेज ‘जरा पाचच मिनिटं’ पब्लिक करून बघणाऱ्यांना वेळीच आवरलेलं बरं.

गिटलॅबचा हिशेब वेगळा आहे. तिथे २०१६ पासून रजिस्ट्री प्रोजेक्टचाच भाग आहे, इमेजच्या नावात प्रोजेक्टचा पूर्ण पत्ता असतो आणि प्रोजेक्ट पब्लिक असेल तर, सेटिंग बदललं नसल्यास, इमेजही पब्लिक असते. एका ठिकाणची सवय दुसरीकडे नेली की घोटाळा होतो, तो असा.

इमेज पुश केल्याने रेपो फुगतो, ही भीती मात्र निराधार आहे. इमेजचे लेअर गिटमध्ये जातच नाहीत, त्यांचा साठा वेगळा असतो. गिटहबवर तर इमेज रेपोच्या नव्हे, खात्याच्या किंवा संस्थेच्या नावावर असते.

‘गिटहबची रजिस्ट्री म्हणजे गिटहबमध्येच अडकलो’ हेही तितकंसं खरं नाही. रजिस्ट्रीशी बोलायची भाषा ओसीआय (ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह) च्या डिस्ट्रिब्युशन मानकाने ठरवून दिली आहे, त्याची १.० आवृत्ती २०२१ मध्ये आली. डॉकर, पॉडमन, कुबरनेटिस सगळ्यांना ती कळते. अडचण येते ती लॉगिनला. अ‍ॅक्शन्समध्ये वर्कफ्लोचं स्वतःचं टोकन चालतं, फक्त त्याला पॅकेजेसवर लिहिण्याची परवानगी द्यावी लागते. बाहेरून लॉगिन करायचं तर जुन्या, क्लासिक प्रकारचं पर्सनल टोकन लागतं. नवं फाइन-ग्रेन्ड टोकन अधिक सुरक्षित म्हणून हौसेने बनवणाऱ्याची इथे निराशा होते.

सर्वांत महागात पडणारा समज साफसफाईचा आहे. पॅकेजच्या पानावर ‘अनटॅग्ड’ आवृत्त्यांची रांग दिसते. टॅग नाही म्हणजे कचरा, असं म्हणून कुणीतरी रोज रात्री त्या पुसणारी स्क्रिप्ट लावतो. एएमडी६४ आणि एआरएम६४ अशा दोन्हींसाठी बांधलेली इमेज घ्या. टॅग मिळतो तो फक्त वरच्या इंडेक्सला, आणि इंडेक्स ही केवळ यादी असते. खरी इमेज त्याखालच्या प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या वेगळ्या मॅनिफेस्टमध्ये असते आणि त्या मॅनिफेस्टना टॅग नसतो. त्यात डॉकरचं बिल्ड साधन बिल्डएक्स ०.१० आवृत्तीपासून इमेज कशी बांधली याची नोंदही जोडतं. ती ‘अननोन/अननोन’ अशा संशयास्पद नावाने दिसते, म्हणजे पुसायला आणखी एक निमित्त. स्क्रिप्ट धावते, टॅग यादीत तसाच दिसतो आणि पुल केलं की ‘मॅनिफेस्ट अननोन’. ज्या सर्व्हरवर इमेज आधीच उतरलेली आहे तिथे सगळं सुरळीत चालू राहतं. बोंब उठते ती नवा नोड जोडल्यावर, म्हणजे नेमकं लोड वाढल्यावर. पुसण्याआधी इंडेक्स उघडून त्यात कुठल्या डायजेस्टचा उल्लेख आहे ते वाचणारी स्क्रिप्ट हवी, नाहीतर स्क्रिप्टच नको. गिटहबवर पुसलेली आवृत्ती ३० दिवसांच्या आत परत आणता येते, हाच काय तो आधार.

गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांची तक्रार उलटी असते: ‘शेकडो टॅग उडवले, तरी डिस्क भरलेलीच.’ टॅग हे नुसतं बोट दाखवणं आहे. जुन्या पद्धतीच्या मांडणीत गार्बेज कलेक्शन वेगळं चालवल्याशिवाय जागा सुटत नाही आणि टॅग नसलेले मॅनिफेस्टही काढ, असं त्याला मुद्दाम सांगावं लागतं.

टॅग असा नुसता बोट दाखवत असल्यामुळेच तो ‘कायमचा’ही नसतो. ‘लेटेस्ट’ सोडाच, १.४.२ हा टॅगसुद्धा उद्या दुसऱ्याच इमेजवर जाऊ शकतो. प्रॉडक्शनमध्ये तीच इमेज हवी असेल तर एसएचए-२५६ चा डायजेस्ट लिहावा. दिसायला ओंगळ, पण बदलत नाही.

पासवर्डची फाइल एका लेअरमध्ये आली आणि डॉकरफाइलच्या पुढच्या ओळीत पुसली, तर ती गेली का? नाही. ती फक्त झाकली गेली, खालचा लेअर रजिस्ट्रीत जसाच्या तसा असतो आणि इमेज पुल करू शकणारा कुणीही तो उघडू शकतो. अशा वेळी पासवर्ड बदलणं एवढाच उपाय.

शेवटचा समज: आपली रजिस्ट्री आली, म्हणजे डॉकर हबच्या मर्यादेतून सुटलो. डॉकर हबने नोव्हेंबर २०२० मध्ये लॉगिन न केलेल्यांना दर ६ तासांना १०० पुलची मर्यादा घातली, तीही आयपी पत्त्यानुसार. तुमची इमेज जीएचसीआरवर असली तरी डॉकरफाइलच्या पहिल्या ओळीत नुसतं ‘पायथन’ किंवा ‘नोड’ लिहिलं असेल, तर बेस इमेज डॉकर हबवरूनच येते. रजिस्ट्रीचा पत्ता लिहिला नाही की डॉकर तिकडेच जातो. ऑफिसातल्या स्वतःच्या रनरवर सगळ्यांचे बिल्ड एकाच आयपीवरून निघतात आणि कोटा दुपारपर्यंतही पुरत नाही. गिटलॅबमध्ये यासाठी डिपेन्डन्सी प्रॉक्सी आहे, ती बेस इमेज एकदा आणून स्वतःकडे ठेवते. गिटहबवाल्यांनी हबला लॉगिन करावं किंवा बेस इमेजची प्रत जीएचसीआरवर ठेवून पहिल्या ओळीत तिचा पूर्ण पत्ता लिहावा. मात्र ती प्रत अधूनमधून ताजी करायची, नाहीतर सुरक्षेचे पॅच तिच्यापर्यंत पोचत नाहीत.