मेंदूतील गस्त आणि आपल्या समजुती

वऱ्हाडात एखाद्या वृद्ध गृहस्थास रोजच्या वाटेवरून घर सापडेनासे झाले, अथवा सकाळी जेवल्याचे दुपारी स्मरेनासे झाले, म्हणजे ‘साठी बुद्धी नाठी’ हा निवाडा तत्काळ दिला जातो, आणि निवाडा एकदा झाला की पुढील तहकिकातीची गरज कोणासच भासत नाही. वस्तुतः 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठ वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे अंदाजे 88 लाख माणसे, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आढळली. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक होते, ही गोष्ट आपल्यासारख्या शेतकरी मुलखाने विशेष ध्यानात घ्यावी. परंतु नव्वदांहून अधिक टक्के वृद्धांस स्मृतिभ्रंश नसतो, हेही त्याच पाहणीतून निघते. शिवाय ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांमुळे आलेले विस्मरण औषधोपचाराने पुष्कळदा सुधारते, ते निराळेच.

दुसरी समजूत अधिक शिकलेल्यांची. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये अडसर असल्याने मेंदूत रोगप्रतिकारक पेशींचा शिरकावच नाही, आणि चेतापेशींच्या अवतीभवती जे आहे ते केवळ भरताड, असे त्यांस वाटते. अडसर आहे हे खरे. पण मेंदूचे स्वतःचे प्रतिकारक दल मेंदूतच वसलेले आहे. पीओ देल रिओ-होर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने 1919 मध्ये चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवून त्यांस निराळे ओळखले आणि ‘मायक्रोग्लिया’ हे नाव दिले. या पेशी अस्थिमज्जेतून येत नाहीत. गर्भाच्या पीतककोशात जन्म घेऊन त्या गर्भावस्थेच्या आरंभीच मेंदूत दाखल होतात आणि पुढे तेथेच आपली संख्या टिकवून धरतात, असे 2010 मध्ये उंदरांवरील संशोधनाने दाखविले. रोग नसताना त्या निजलेल्या असतात ही कल्पनाही 2005 मध्ये मोडीत निघाली, कारण जिवंत उंदराच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाने डोकावून पाहता त्यांच्या नाजूक शाखा गावच्या कोतवालाप्रमाणे अहोरात्र गस्त घालताना दिसल्या, आणि काही तासांत आपल्या हद्दीचा कोपरान् कोपरा चाचपून काढताना आढळल्या.

या गस्तीचा उपयोग काय, हे गस्त ढिली पडते तेव्हा कळते. स्मृतिभ्रंशाचे प्रमुख कारण असलेल्या अल्झायमर रोगात अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे गोळे मेंदूत साचतात. मायक्रोग्लिया त्यांच्याभोवती जमतात, साचलेले द्रव्य गिळतात, आणि जे गिळता येत नाही ते दाबून आटोपशीर करून शेजारच्या चेतातंतूंची हानी मर्यादित ठेवतात. या कामाचा हुकूम त्यांना ज्या ग्राहक-प्रथिनांकडून मिळतो त्यांपैकी एक ‘ट्रेम-2’. त्याच्या जनुकात एक विशिष्ट दोष असणाऱ्यांस अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने वाढतो, असे 2013 मध्ये दोन निरनिराळ्या संशोधक-गटांनी एकाच सुमारास दाखवून दिले. आणि ज्यांच्या ठायी या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात अशा अत्यंत विरळ कुटुंबांत हाडांच्या विकारासह ऐन प्रौढपणीच स्मृतिभ्रंश उद्भवतो. मायक्रोग्लिया रक्षण करतात या विधानाला याहून भक्कम पुरावा मिळणे कठीण.

तेव्हा प्रतिकारशक्ती वाढविली की स्मृती सुरक्षित, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि काढ्यांच्या बाटल्यांवर तो छापलेलाही आढळतो. बाटलीवाल्यांचा धंदा चालो. परंतु वाढविल्याने भागत नाही, कारण याच पेशी बेताल झाल्या म्हणजे निरोगी चेतासंधीही छाटून टाकतात, असे 2016 मध्ये उंदरांत आढळून आले आहे.

मग याच्या उलट टोकाची समजूत उत्पन्न झाली, की मेंदूतील दाह हाच शत्रू, तो दडपला म्हणजे काम फत्ते. या समजुतीचा इतिहास अमरावतीकरांनी मुद्दाम ऐकावा असा आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये ज्या तपोवनात कुष्ठरोग्यांना आसरा आणि उद्योग दिला, त्या तपोवनामुळे कुष्ठरोगाची औषधे या शहरास परकी नाहीत. त्यांपैकी डॅप्सोन हे आजही बहुविध औषधोपचारात दिले जाते, आणि जंतूंना रोखण्याबरोबरच ते दाहही शमविते. 1990 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत जपानमधील कुष्ठालयांतील वृद्धांची पाहणी झाली, तेव्हा दीर्घकाळ असे औषध घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा कमी दिसले, आणि संशोधकांच्या आशा पल्लवित झाल्या. पण पाहणीतला योगायोग आणि औषधाचा गुण यांत अंतर असते: अल्झायमरच्या रुग्णांना प्रत्यक्ष डॅप्सोन देऊन पाहिले तेव्हा लाभ झाला नाही. घराण्यात हा रोग असलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या अडीच हजारांवर अमेरिकनांना नॅप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब ही दाहशामक औषधे देण्याची मोठी चाचणीही हृदयविकाराच्या भीतीने 2004 अखेर थांबवावी लागली, आणि पुढील हिशेबात त्या औषधांनी रोग टळल्याचे दिसले नाही. तात्पर्य, डोके शाबूत राहावे म्हणून रोज वेदनाशामक गोळी घेणारा मनुष्य मूत्रपिंड आणि जठर यांच्या जिवावर उदार होतो, एवढेच.

सरसकट दडपण्यापेक्षा योग्य पेशींस योग्य कामगिरीवर लावणे, ही आता संशोधनाची दिशा आहे. ‘पीयू.1’ नामक नियामक प्रथिन कमी आणि पृष्ठभागावर ‘सीडी-28’ हे ग्राहक-प्रथिन असणारे मायक्रोग्लिया दाह आवरतात, आणि त्यांच्यामुळे अमायलॉइडची वाढ मंदावते, असे 2025 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून प्रसिद्ध झाले. ते माणसांचे औषध नव्हे. अमेरिकेत 2023 मध्ये पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे प्रतिपिंडही अमायलॉइड हटविण्यासाठी बव्हंशी याच पेशींवर विसंबते. त्याने अठरा महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे 27 टक्के कमी होतो, पण मेंदूत सूज आणि रक्तस्राव यांचा धोका पत्करावा लागतो.

दरम्यान ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे दिली असून ती सर्व दूर केल्यास जगातील सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो, असा त्याचा अंदाज आहे. प्रत्येक कारणाचा धागा मायक्रोग्लियापर्यंत ओढण्याचा अट्टहास नको. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, डोक्याचा मार, एकलकोंडेपणा ही त्यांतली नावे ओळखीची आहेत. व्यायामाचा अभावही त्या यादीत आहे, आणि 1914 पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ चालविणाऱ्या अमरावतीस व्यायाम सांगावा लागावा, हे विचित्रच. श्रवणदोष आणि अंधुक दृष्टीही तीत आहेत. म्हणून कानाच्या यंत्राला लाजणारे आजोबा आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढल्या हंगामावर ढकलणारी आजी, यांना तूर घरात येण्याची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.