बालकांचे निसर्गलेखन व त्याचे प्रकटवाचन : वसई परिसराच्या अनुषंगाने

तिसरी-चौथीतील विद्यार्थी निसर्गरक्षणावर स्वतः लिहिलेला मजकूर वर्गापुढे वाचू लागला, की बहुधा एकच दृश्य दिसते. मान वहीत घातलेली, स्वर एकसुरी, वाक्याचा शेवट ओठांतच विरलेला. आणि ऐकणाऱ्या मुलांचे लक्ष खिडकीबाहेर. ‘मोठ्याने वाच’ असे शिक्षक सांगतात. मूल मोठ्याने वाचतेही, परंतु वाचनात जीव येत नाही. या दोषाचे कारण मुलाच्या आवाजात किंवा बुजरेपणात शोधण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ते पुष्कळदा वहीतील मजकुरातच असते. ‘पर्यावरणाचे संवर्धन ही काळाची गरज आहे’ हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाने कोणत्या स्वरात म्हणावे? त्यात त्याने पाहिलेले, हाताळलेले असे काहीही नाही. जे वाक्य मुलाचे नाही, त्याला मुलाचा स्वर लाभत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत ‘परिसर अभ्यास’ हा विषय शिकविला जातो. त्यामुळे निसर्गावर लिहिण्याचे प्रसंग मुलांना वारंवार येतात. दुसऱ्या बाजूने, भाषेच्या तासाला प्रकटवाचनाचा सराव होतो तो मुख्यतः छापील पाठाचा. छापील पाठ वाचताना मूल दुसऱ्याचा अर्थ समजून घेऊन तो उच्चारते; स्वतःचे लेखन वाचताना अर्थ त्याच्यापाशी आधीच असतो आणि तो इतरांपर्यंत पोचवावयाचा असतो. ही दोन कामे भिन्न आहेत. पहिल्याच्या सवयीने दुसरे आपोआप साधत नाही.

वसईसारख्या भागात या भेदाला विशेष महत्त्व आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाड्यांच्या कडेला ‘बावखले’ आढळतात. बावखल म्हणजे खोदलेले, पावसाच्या पाण्याने भरणारे लहान तळे. त्यावर केळी, भाजी, फुलझाडे यांची शिंपणी होई. शिवाय त्यातील पाणी जमिनीत मुरून शेजारच्या विहिरींना मिळते. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्याच्या वर राहते. मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा अधिक झाला, की खालचे खारे पाणी वर सरकते आणि विहीर बिघडते. बावखल बुजविणे म्हणजे केवळ एक खड्डा भरून काढणे नव्हे, हे त्यावरून ध्यानी येईल. १९८० नंतरच्या दशकाअखेर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या चळवळीमागे पाणी व हिरवाई यांच्या ऱ्हासाचीच चिंता होती.

आता एखाद्या मुलाने वहीत लिहिले : ‘आमच्या वाडीत बावखल आहे. आजोबा सांगतात, बावखल बुजले तर विहीर खारी होईल.’ या दोन वाक्यांत उपर्युक्त सर्व कार्यकारणभाव बीजरूपाने आहे. ती वाचताना मूल ‘आजोबा सांगतात’ यापाशी सहज थांबते, ‘खारी’ या शब्दावर त्याचा स्वर आपोआप उमटतो. आरोह-अवरोह शिकवावे लागत नाहीत. ते वाक्यातच असतात.

तेव्हा वाचनाची तयारी लेखनापूर्वीच सुरू झाली पाहिजे. मुलांना वही उघडण्यापूर्वी बोलू द्यावे. काल पाहिलेली एक गोष्ट शेजारच्या मुलाला सांगावी, शेजाऱ्याने त्यावर एक प्रश्न विचारावा, आणि मगच लेखणी हाती घ्यावी. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा लेखनातील सर्वांत चांगले वाक्य ठरते. शिक्षकाने फळ्यावर आदर्श निबंध लिहून दिला, तर मात्र चाळीस वह्यांत एकच मजकूर उतरतो. आणि चाळीस वेळा तो ऐकण्याची शिक्षा वर्गाला भोगावी लागते.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. वसई-विरारच्या एकाच वर्गात घरी सामवेदी, वाडवळी, मांगेली, वारली बोलणारी मुले असू शकतात. नालासोपारा, विरारकडील वस्त्यांतून हिंदी वा गुजराती बोलणारीही येतात. झाड, मासा, चिखल, भरती-ओहोटी यांची नावे मुलांना प्रथम घरच्या बोलीत कळलेली असतात. ती नावे खोडून त्यांच्या जागी पुस्तकी शब्द बसविल्यास मूल वाचताना अडखळते, आणि एक नेमके ज्ञानही वर्गाबाहेर राहते. वाक्यरचना प्रमाण मराठीची असावी, त्यात शंका नाही. परंतु वस्तूचे नाव बोलीतील ठेवावे व वाचनानंतर त्याचा अर्थ त्याच मुलाने वर्गाला सांगावा. अशा वेळी बुजरे मूलही जाणकाराच्या भूमिकेत उभे राहते. ही दृष्टी या भागाला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालविली. त्या कार्यात पाने, बिया, शिंपले, खडे हेच शैक्षणिक साहित्य होते.

प्रत्यक्ष वाचनाच्या तंत्राविषयी थोडेच सांगावयाचे आहे. मजकूर एका पानाहून मोठा नसावा. श्वास घ्यावयाच्या जागी मुलाने पेन्सिलीने उभी रेघ ओढावी. रेघ दोन श्वासांइतकी लांब पडली, तर वाक्यच तोडावे. प्रकटवाचन हे लेखनाचे परीक्षण ठरते ते असे. पहिले व शेवटचे वाक्य पाठ असावे, म्हणजे त्या दोन वेळी तरी नजर वर्गाकडे राहते. संपूर्ण पाठांतर मात्र टाळावे. त्यातून वक्तृत्वस्पर्धेतील हातवारे येतात, सभाधीटपणा येतोच असे नाही. वाचन चालू असता शिक्षकाने उच्चार दुरुस्त करू नयेत. श्रोत्यांनाही काम द्यावे : ऐकलेल्यातील एक वस्तू नंतर कागदावर काढावी. मुलांनी काय काढले यावरून वाचन पोचले की नाही, हे गुणांवाचून समजते.

सर्वांत नाजूक प्रश्न यापुढचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांच्या तोडीस मनाई केली, आणि तिवरांचे रक्षण हा शालेय लेखनाचा विषय झाला. परंतु खाजण भरून उठविलेल्या चाळीत राहणारे मूल त्याच वर्गात बसलेले असते. कोणाच्या वडिलांनी वाडी विकलेली असते, कोणाचे वडील बांधकामावर मजुरी करतात. ‘माणूस स्वार्थी झाला आहे’ असे वाक्य एका मुलाने दिमाखात वाचले, की दुसऱ्याची मान खाली जाते. स्वतःची पाळी आली असता ते तोंड उघडत नाही. त्यास लाजाळू समजणे अन्यायाचे होय. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी तुंबले व रेल्वे वाहतूक ठप्प झाली, तेव्हा ज्यांच्या घरांत पाणी शिरले, त्यांतील मुलांपाशी पाण्याच्या वाटा बुजल्याने काय घडते याचा पुरावा होता. पाणी कोठून आले, कोठपर्यंत चढले, कोणत्या वस्तू आधी माळ्यावर ठेवल्या, हे त्यांनी लिहावे व वाचावे. दोष कोणाचा, हा प्रश्न त्या वयात त्यांना विचारू नये. असे वाचन शेवटच्या तासाला ठेवू नये. घंटेकडे कान लागलेल्या वर्गापुढे घरात शिरलेल्या पाण्याची हकीकत सांगणे मोठ्यांनाही जड जाते. पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या शाळांत तर ते पावसाळा ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनात घेणेच सोयीचे. तोवर मुलांना आपले पान दोन-तीनदा पुन्हा लिहिण्यास अवधीही मिळतो.