शेजाऱ्याच्या रुळांवरून

भारतीय रेल्वेचा एलएचबी डबा सुमारे २४ मीटर लांब असतो. तो ८७ पटींनी लहान केला तर साधारण साडेसत्तावीस सेंटीमीटर भरतो आणि टेबलावर सहज मावतो. पण तसे २२ डबे जोडले की गाडी सहा मीटरच्या पुढे जाते. तिला पळायला जागा हवी आणि वळायला त्याहून जास्त. घरच्या टेबलावर बसवतात ती वळणं बहुधा १८ इंच त्रिज्येची असतात. खऱ्या मापात ती ४० मीटरची झाली. आपल्या ब्रॉडगेज मार्गावर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण नियमात बसत नाही. छोट्या आगगाड्यांचा नाद लागलेला माणूस हौसेनं इंजिनं घेतो, डबे रंगवतो आणि अखेर चार-पाच डब्यांची गाडी गोल गोल फिरवत बसतो, त्याचं कारण हे आहे. पूर्ण लांबीची गाडी सरळ मार्गावरून, खऱ्या वाटणाऱ्या वेगानं जाताना पाहायची असेल तर त्याला प्रदर्शनच गाठावं लागतं.

अमेरिकेतल्या अशा प्रदर्शनांत वेस्ट स्प्रिंगफील्डच्या प्रदर्शनाचं नाव फार मोठं आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या या गावी ॲमहर्स्ट रेल्वे सोसायटी ही हौशी मंडळींची संस्था जानेवारीच्या अखेरीस शनिवार-रविवारी ते भरवते. जागा आहे ईस्टर्न स्टेट्स एक्स्पोझिशनचं मैदान. सप्टेंबरात इथे न्यू इंग्लंडची प्रचंड जत्रा भरते. जानेवारीत त्याच मैदानावरच्या चार अवाढव्य इमारती दोन दिवसांपुरत्या आगगाड्यांच्या ताब्यात जातात. ऐन हिवाळ्यात २०,०००हून अधिक माणसं तिथे येतात, आणि उरलेल्या पैशांतून जुन्या रेल्वेचं जतन करणाऱ्या संस्थांना मदत जाते.

आत शिरल्यावर नवख्या माणसाला दिसतात ते लांबच लांब लेआउट, म्हणजे रूळ, स्टेशनं, डोंगर, गावं असा सगळा मांडलेला मुलूख. तो एका माणसाचा असावा असंच वाटतं. जवळ जाऊन पाहिलं तर दर चार फुटांवर ऋतू बदललेला असतो. इथे पानगळीतलं लाल-पिवळं जंगल, पुढे उन्हाळ्यातली गव्हाची शेतं, त्याच्यापुढे बर्फाखाली गाडलेलं कारखान्याचं गाव. प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा असतो. प्रत्येकानं आपला तुकडा आपल्या तळघरात किंवा गॅरेजमध्ये एकट्यानं बनवलेला असतो. त्या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात, आणि प्रदर्शनातली खरी करामत मॉड्यूलच्या दोन टोकांत आहे.

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींनी एनट्रॅक नावाची पद्धत घडवली. ती एन मापासाठी, म्हणजे १६० पटींनी लहान गाड्यांसाठी होती. नेहमीचं मॉड्यूल ४ फूट लांब आणि २ फूट रुंद. पुढच्या कडेला तीन मार्ग, त्यांना नावं लाल, पिवळा आणि निळा. ते कडेपासून अनुक्रमे ४, साडेपाच आणि ७ इंचांवर. जमिनीपासून उंची ४० इंच. रूळ अगदी टोकापर्यंत न आणता थोडे अलीकडेच थांबवायचे आणि दोन मॉड्यूलांमधल्या फटीवर सुमारे ५ इंचांचा सुटा रूळ बसवायचा. तेवढा जोड बसला की एकाची गाडी दुसऱ्याच्या मुलखात जाते. टोकं नियमानं बांधली, पण मधल्या चार फुटांत काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं शुक्रवारी संध्याकाळी आपापले तुकडे घेऊन येतात आणि शनिवारी सकाळी त्यांच्यावरून शंभर डब्यांची मालगाडी सलग धावते. या छंदातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

असं जुळणं पूर्वी शक्य नव्हतं. छोट्या आगगाड्या विकणाऱ्या कंपन्या जुन्याच. जर्मनीच्या मेर्क्लिननं १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांची खेळण्यातली रेल्वे मांडली. अमेरिकेत लायोनेल १९०० साली सुरू झाली, इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या गाड्या १९२०मध्ये आल्या. पण एकाची चाकं दुसऱ्याच्या रुळांवर नीट बसत नसत आणि एकाचं कपलिंग दुसऱ्याच्या डब्याला लागत नसे. १९३५ साली अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात हौशी मंडळी जमली आणि त्यांनी नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन केली, ती मुख्यतः हा गोंधळ निस्तरण्यासाठी. चाकांमधलं अंतर, कडांची उंची, सांध्यांवरची मोकळी फट, सगळ्याची मापं ठरली. ती तपासायला या संस्थेची धातूची एक छोटी पट्टी मिळते. तिच्या खाचा रुळांवर आणि चाकांवर धरून बघायच्या. प्रदर्शनात गाडी घसरली की मुरब्बी माणूस आधी खिशातून ती पट्टी काढतो.

रुळांइतकंच महत्त्वाचं जुळणं विजेचं. पूर्वी रुळांतल्या विजेचा दाब वाढवला की गाडी पळे आणि कमी केला की थांबे. त्यामुळे एका विद्युत-खंडात एकच गाडी स्वतंत्रपणे चालवता यायची. दुसरी आणली की दोन्ही एकदम हलत. म्हणून मार्गाचे खंड पाडायचे, प्रत्येकाला बटणं, आणि बटणं फिरवणाऱ्यांची तारांबळ. १९९०च्या दशकात त्याच असोसिएशननं जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या तंत्रावर आधारलेलं डिजिटल नियंत्रण प्रमाण म्हणून स्वीकारलं. आता रुळांत वीज कायम असते आणि तिच्यातूनच आज्ञा जातात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक डिकोडर असतो, त्याला क्रमांक असतो आणि ते आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी पाळतं. कारखान्यातून येताना मात्र इंजिनाचा क्रमांक बहुधा ३ असतो. तो न बदलता कोणी नवं इंजिन रुळांवर ठेवलं आणि दुसऱ्या कुणाचं इंजिनही ३वरच असलं, तर एकाच्या हातातल्या नियंत्रकानं दोघांच्या गाड्या सुटतात. म्हणून क्लबात नवीन पाहुणा आला की त्याला आधी इंजिनाचा क्रमांक विचारतात.

शुक्रवारची मांडामांड हे प्रेक्षकांना न दिसणारं अर्धं प्रदर्शन. गणपतीच्या हलत्या देखाव्यासाठी मंडळाचे कार्यकर्ते जसे रात्र जागवतात, तशीच इथली धावपळ असते. ट्रेलरमधून मॉड्यूल उतरवायची, पाय लावायचे, पातळी बघायची, शिकंज्यांनी एकमेकांना आवळायची, खालच्या तारा जोडायच्या. दालनाची फरशी कधीच सपाट नसते, म्हणून प्रत्येक पायाच्या तळाशी फिरवून उंची बदलण्याचा स्क्रू असतो. थंडीतून आलेले धातूचे रूळ उबदार दालनात किंचित लांबतात, तेवढी जागा आधी सोडली नसेल तर जोडावर फुगवटा येतो. मग रुळांवरचा मळ अल्कोहोलनं पुसायचा, कारण इंजिनाला वीज चाकांतूनच मिळते आणि मळाचा पातळ थरही ती अडवतो. शेवटी एक भरवशाचं इंजिन सगळ्या मार्गावरून हळू फिरवायचं. ते जिथे अडखळेल तिथे काम बाकी आहे.

लेआउट किती उंचीवर असावा यावरही या मंडळींत मनापासून मतभेद आहेत. एनट्रॅकचे ४० इंच लहान मुलांना सोयीचे. सहा-सात वर्षांचं मूल टाचा न उंचावता गाडीकडे बघतं. एचओ मापात, म्हणजे ८७ पटींच्या गाड्यांत, फ्री-मो नावाची पद्धत आहे. तिच्यात रूळ ५० इंचांवर असतात आणि मॉड्यूलची लांबी ज्याला हवी तेवढी ठेवता येते. मोठ्या माणसाची नजर तिथे स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या माणसासारखी गाडीच्या जवळ येते, आणि वरून पाहिल्यावर खेळणं वाटणारी गाडी एकदम खरी वाटू लागते. मुलांना मात्र स्टूल लागतं. अनेक क्लब ती सोबत आणतात, आणि आणावीतच. या छंदाची सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत त्याच वयात होते.

खरेदीसाठी येणारेही पुष्कळ. विक्रेत्यांच्या टेबलांवर नव्या इंजिनांपासून खोक्यातल्या जुन्या डब्यांपर्यंत सगळं असतं. जाणता गिऱ्हाईक इंजिन विकत घेण्याआधी चाचणीच्या रुळावर चालवून दाखवायला सांगतो, आणि घरी काय काय आहे याची यादी खिशात ठेवतो. नाही तर तोच डबा दुसऱ्यांदा घरी येतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा भाग मात्र वेगळा आहे, आणि नवखे नेमके तिथूनच घाईनं पुढे जातात. ही टेबलं आहेत रेल्वे-इतिहास मंडळांची. न्यू हेवन रेल्वे १९६९मध्ये पेन सेंट्रलमध्ये विलीन झाली. बोस्टन अँड मेन १९८०च्या दशकात दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. त्या कंपन्यांच्या नावानं आजही मंडळं आहेत. त्यांच्याकडे इंजिनांचे आराखडे, स्टेशनांची छायाचित्रं, जुनी वेळापत्रकं, रंगांचे नमुने जपलेले असतात. १९५०च्या दशकात न्यू हेवननं हर्बर्ट मॅटर या संकल्पनकाराकडून ‘एनएच’ ही ठसठशीत अक्षरमुद्रा करून घेतली आणि इंजिनं केशरी, काळ्या आणि पांढऱ्या रंगांत रंगवली. तो केशरी नेमका कुठला, ऊन-पावसानं पाच वर्षांत तो कसा उतरला, डब्याच्या बाजूला किती रिव्हेट होते, यावर दोन माणसं अर्धा तास बोलू शकतात. बाहेरच्याला हा अतिरेक वाटतो. पण ज्या कंपनीच्या गाड्या आता धावत नाहीत, तिच्या कारभाराचे बारकावे अशा माणसांनी गोळा केले म्हणूनच हाती राहिले आहेत. एखादं गावातलं स्टेशन पाडल्यावर त्याचं मोजमाप मॉडेल बनवणाऱ्याच्या वहीतच उरतं.

युरोपात पद्धत थोडी निराळी. इंग्लंडमध्ये मॉड्यूलपेक्षा एकेका क्लबचा किंवा कुटुंबाचा संपूर्ण लेआउट आणण्याची रीत जास्त. समोर छोटं स्टेशन, आणि मागे पडद्याआड गाड्या उभ्या करून त्यांची अदलाबदल करण्याचं यार्ड. लंडनचा मॉडेल रेल्वे क्लब १९१०पासूनचा. या प्रकारातला तो जगातला सर्वांत जुना मानला जातो. जर्मनीतून सुरू झालेल्या फ्रेमो या १९८१च्या संघटनेचे मेळावे तर मुख्यतः प्रेक्षकांसाठी नसतातच. तिथे गाड्या वेळापत्रकानं सुटतात, प्रत्येक मालडब्याला कुठून कुठे जायचं याचा कागद असतो, आणि स्टेशन सांभाळणारा पुढच्या स्टेशनाकडून परवानगी घेतल्याशिवाय गाडी सोडत नाही.

ही सगळी मांडणी माणसांच्या फुकट श्रमांवर चालते, आणि तिथेच तिला धोका आहे. बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन-केंद्रात वॉर्ली क्लब दर नोव्हेंबरला ब्रिटनमधलं फार मोठं प्रदर्शन भरवत असे. कधी कधी त्या दालनात खरं, पूर्ण आकाराचं इंजिनही आणून उभं केलं जाई. २०२३चं प्रदर्शन शेवटचं ठरलं. एवढा डोलारा वर्षानुवर्षं उचलणारे स्वयंसेवक वयानं थकले आणि त्यांच्या जागी तेवढे हात आले नाहीत. हौशी मंडळींना ही बातमी घरच्यासारखी लागली, आणि ते स्वाभाविक होतं.

आपल्याकडे या छंदाची ओळख अनेकांना पुण्यातल्या कोथरूडमुळे झाली. भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८मध्ये तिथे सुरू झालं. रेल्वे, रज्जुमार्ग, रस्ते, सर्कस असं अख्खं शहर तिथे प्रकाश आणि आवाजासह चालतं, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक शाळांच्या सहलींनी ते पाहिलं आहे. ते एका जागी कायमचं उभं आहे. तुकडे जोडून भरवायची प्रदर्शनं इथे रुजायची तर एक अडचण मापाची येते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा; ८७ पटींनी लहान केला तर साधारण १९.३ मिलिमीटर होतो. बाजारात मिळणारा एचओ रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचा असतो, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या परदेशी मार्गावरून आलेला आहे. सारे रूळ स्वतः बनवण्यापेक्षा बहुतेक भारतीय हौशी हा फरक सोसून तयार रूळच वापरतात. तसं केलं की त्यांची गाडी जगातल्या कुठल्याही एचओ मॉड्यूलवर धावू शकते.

अडचण जागेची असेल तर टी-ट्रॅक ही पद्धत आहे, तीही एन मापासाठी. तिची कल्पना जपानी हौशी मंडळींच्या मांडणीवरून घेतलेली, आणि जपानी घरं मोठी नसतात. साधं मॉड्यूल ३०८ मिलिमीटर लांब, खोकं पुस्तकांच्या कपाटात मावणारं, पाय नाहीत, थेट टेबलावर ठेवायचं. रूळ एकमेकांत खटकन बसतात. दोन्ही टोकं एकाच उंचीवर हवीत, त्यामुळे खंडाळ्याच्या घाटातला ३७ला एक असा चढ एका खोक्यात दाखवता येत नाही. रूळ सपाटच ठेवावे लागतात. पण त्यांच्याखालचं लाकूड कापून दरी खोल नेता येते, वर कातळ चढवून बोगद्याचं तोंड काढता येतं, आणि कर्जतहून मागे लागलेल्या जोडइंजिनांसकट गाडी त्यातून पलीकडे, शेजाऱ्यानं केलेल्या नेरळ किंवा ओसाकाच्या फलाटावर नेता येते.