लॉन तुमचं, युरिया इंद्रायणीला!

लोणावळ्यात वीकेंड होम घेतलं की पहिली हौस लॉनची. आणि पाऊस पडला की घाई युरियाची! थांबा, बॉस. इथे वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. युरियातलं ४६ टक्के नत्र पाण्यात झटकन विरघळतं. जुलैत टाकलेलं मुळांना मिळण्याआधीच ओढ्यानाल्यांतून इंद्रायणीकडे निघतं. कुरवंड्याजवळ उगम पावणारी हीच नदी पुढे देहू-आळंदीला जाते. म्हणून मी तर म्हणेन, धो-धो पावसात खत बंद, फक्त कटिंग आणि निचरा. ऑक्टोबरात पाऊस सरला की चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया, वर लगेच पाणी. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा हात आखडता. मार्चमध्ये चाळलेलं शेणखत. आणि मेक्सिकन ग्रासचाच हट्ट कशाला? आपली हरळी, म्हणजे बाप्पाची दूर्वा, मावळातला उन्हाळाही काढते.