बारा मोठा की तीनशे पंधरा?

‘गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसं जप्त’ या बातमीत कधी ‘12 बोअर’ असतं, कधी ‘315 बोअर’. वाचणाऱ्याला वाटतं, 315 म्हणजे भलतंच दांडगं प्रकरण. प्रत्यक्षात 315 च्या नळीत करंगळीही शिरत नाही.

बारा बोअरचा हिशेब शिशाच्या वजनाचा. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी 12 बोअरची, सुमारे 18.5 मिमी. वीस गोळ्या केल्या तर नळी 15.6 मिमीवर येते. इचलकरंजीच्या मागवाल्याला हे समजावत बसायला नको. सुताचा काउंटही असाच उलटा: एका पौंडात 840 यार्डांच्या लडी जितक्या जास्त, तितकं सूत बारीक. फरक इतकाच, की सुताची जाडी निम्मी करायला काउंट चौपट लागतो, तर गोळीचा व्यास निम्मा करायला आकडा आठपट. वर्गमूळ आणि घनमूळ! शाळेत हे उदाहरण कुणी का दिलं नाही, कोण जाणे.

पद्धत वेडगळ वाटते, पण त्या काळी शहाणपणाचीच होती. शिसं तोलून मिळायचं, गोळ्या साच्यात ओतायच्या. नळीच्या आतला व्यास अचूक मोजण्यापेक्षा तराजू सोपा. तोफाही गोळ्याच्या वजनावरूनच ओळखल्या जात.

315 चं गणित वेगळं. ते 0.315 इंच, म्हणजे 8 मिमी. ‘बोअर’ मागून चिकटलेलं. पौंडाच्या खरोखर 315 गोळ्या केल्या तर एकेक जेमतेम 6.2 मिमीची होईल. हे काडतूस भारतात रुळलं त्याला इंग्रजांची धास्ती कारण: .303 रायफल लष्कराची, ती लोकांच्या हाती नको. म्हणून शिकारीसाठी .315, त्याच्या रायफली इशापूरच्या कारखान्यात होतात.

इंचांवरही फार विसंबू नये. रायफलीच्या नळीत आटे असतात, त्यामुळे व्यास दोन: उंचवट्यांमधला आणि खाचांमधला. .303 हा उंचवट्यांमधला. गोळी असते 0.311 इंचाची. ‘.38 स्पेशल’ची गोळी 0.357 इंचाची, म्हणजे ‘.357 मॅग्नम’चीच, मॅग्नमची पुंगळी तेवढी साडेतीन मिमी लांब. ‘.30-06’ मधला 06 तर चक्क 1906 साल!

त्या मानाने मेट्रिक पद्धत सरळ. एके-47 चं काडतूस 7.62×39, आपल्या लष्कराच्या जुन्या एसएलआर रायफलीचं 7.62×51. दुसरा आकडा पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये. बातमीत मात्र दोन्ही नुसतीच ‘7.62’ होतात.