दोन चाकांवरील तपश्चर्या

सायकल हे आपल्या घरातील सर्वांत साधे वाहन. ती मुलांना शाळेत पोहोचविते, दूधवाल्याला घरोघर नेते. नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर पहाटे फेरफटका मारणाऱ्यांनाही तिचाच आधार. पण याच वाहनावर बसून दिवसामागून दिवस डोंगरदऱ्या ओलांडणारे वीरही जगात आहेत. टप्प्यांच्या शर्यतींचे हे मानकरी आपल्या परिचयाचे व्हावेत, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

या शर्यतीचा नियम सोपा आहे. रोज एक टप्पा पार करावयाचा आणि लागलेला वेळ मांडून ठेवावयाचा. अखेर ज्याच्या वेळांची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. १९०३ साली फ्रान्सची पहिली परिक्रमा सहा टप्प्यांत झाली व मोरिस गारँ जिंकला. आता तेथे २१ टप्पे असतात. १९८९ साली तीन हजारांहून अधिक किलोमीटर धावल्यावर अमेरिकेचा ग्रेग लेमाँड अवघ्या ८ सेकंदांनी विजयी झाला! यावरून क्षणाचे मोल ध्यानी यावे.

मग श्रेष्ठ सायकलपटू कोणास म्हणावे? बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९६९ साली एकूण विजेतेपद, गुणांचा मान आणि डोंगरचढाईचा मान ही तिन्ही एकट्याने पटकावली. त्याचे थोरपण कोण नाकारील? परंतु रसिकांच्या मनात रेने व्हिएतो या फ्रेंच तरुणासही तितकेच प्रेमाचे स्थान आहे. १९३४ साली पिरेनीज पर्वतात संघनायक आंतोनिन मान्येचे चाक मोडले, तेव्हा वीस वर्षांच्या व्हिएतोने आपले चाक काढून त्यास दिले आणि स्वतः रस्त्याकडेला मदतीची वाट पाहत बसला. दुसऱ्या दिवशी नायक पुन्हा अडचणीत आला. पुढे गेलेला व्हिएतो घाट चढून मागे परतला. ती शर्यत मान्येने जिंकली. व्हिएतो पाचवा आला आणि पुढेही ती त्याला कधीच जिंकता आली नाही. तरीही त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते.

असे धैर्य केवळ परदेशातच आढळते, असे मात्र नव्हे. आपले शेजारी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांचेच उदाहरण पाहा. २०१७ साली त्यांनी अमेरिका खंड पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याच वर्षी सेनादलातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ हे ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. पुढे २०१८ मध्ये डॉ. समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे ९,००० किलोमीटरांहून अधिक अंतर पंधरा टप्प्यांत तोडले. रायपूर ते नागपूर हा रस्ता तीस वेळा तुडवावा, तेव्हा एवढे अंतर भरेल! त्यातील सर्वांत लांब टप्पाच तेराशे किलोमीटरांहून मोठा. म्हणजे रायपूरहून निघून मुंबई गाठावी आणि तरीही पुढे चालतच राहावे. झोप, भूक, पाऊस आणि एकटेपणा हेच तेथील खरे प्रतिस्पर्धी.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे परिसरात आंतरराष्ट्रीय मान्यतेची, ४३७ किलोमीटरांची टप्प्यांची शर्यत झाली. त्यामुळे जगातील व्यावसायिक सायकलपटू सह्याद्रीच्या चढणींवर आपल्या लोकांना प्रत्यक्ष पाहता आले. अशी शर्यत पाहण्याचा योग आपणांस आला, तर केवळ पहिल्या क्रमांकाकडे पाहू नका. वारा अंगावर घेऊन नायकाला आडोसा देणारा, पाण्याच्या बाटल्या पोहोचविणारा, सर्वांच्या मागे पडूनही मुदतीत शेवटची रेषा गाठणारा, यांच्याकडेही लक्ष द्या. घरातील मुलांना त्यांची ओळख करून द्या. विजय एकाच्याच वाट्याला येतो. चिकाटी आणि सोबत्यासाठी झिजण्याची वृत्ती मात्र प्रत्येकाला आपलीशी करता येते.