बर्फाखालचा मासा काय खातो?

गेल्या जानेवारीत मी मुलीकडे मिनेसोटात होते. जावई धारवाडकडचा. तो कन्नडात बोलतो, मी मराठीत उत्तर देते; पण नऊ वर्षांत आमची गाडी ‘ऊट आय्ता?’च्या पुढे फारशी गेली नव्हती. एका शनिवारी लेकीला ड्युटी लागली आणि तो मला मिल लॅक्स तळ्यावर घेऊन गेला. तळं कसलं, १,३२,००० एकरांचा पांढरा माळच! बर्फावर नुसतं चालायचं तरी ४ इंच जाडी लागते. त्या दिवशी वर गाड्या उभ्या होत्या. लाकडी खोपट, आत शेगडी, खाली बर्फाला भोक आणि भोकात गळ.

मासा वॉलआय, १९६५ पासून मिनेसोटाचा राज्यमासा. “एवढ्या गारठ्यात हा खातो तरी काय?” मी सहज विचारलं आणि अबोल जावई सुटलाच.

पाणी ४ अंशांना सर्वांत जड, म्हणून बर्फाखाली तळाशी त्यातल्या त्यात ऊब. माशाचा सगळा कारभार मंदावतो, भूक घटते, पण उपास नाही. बर्फ वितळला की लगेच अंडी घालायची असतात, त्यामुळे मादीची गाभोळी हिवाळाभर वाढत असते. मुख्य खाणं म्हणजे पिवळा पर्च, अंगावर पट्टे असलेला छोटा मासा. मोठा वॉलआय टलिबी गिळतो, वेळ पडली तर स्वजातीची पिल्लंही. (घरोघरी तेच म्हणा!) जेवणाची वेळ दिवेलागणीची. डोळ्यांच्या पडद्यामागे मांजरासारखा चमकता थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला दिसतं, पर्चला नीट दिसत नाही.

खरंच, साडेचारनंतर गळ हलला. नियमात बसणारा एकच मिळाला.

जावई शाकाहारी घरातला. पकडायला शूर, चिरताना तोंड फिरवतो. घरी येऊन सुरी मीच घेतली. पोटातून दोन पर्च निघाले, एक अख्खा, दुसऱ्याचा नुसता काटा. थंडीत पचनही संथ, म्हणून असा ऐवज सापडतो. तो वाकून बघत राहिला. तुकड्यांना बेळगावहून नेलेलं तिखट लावलं आणि रव्यात घोळून तळले. छान लागले, पण बांगड्याची चव नाही ती नाहीच.

परवा त्याचा फोन आला, “अत्ते, ई सल होट्ट्याग मूर अदाव!”

म्हटलं, तिखट संपलं असेल, पाठवते.